काही बोलायचंय का?

दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून रीस्टार्ट करायचा असेल, तर आधी त्यावर कोण बसलंय ते बघायचं आणि त्याला सांगायचं. माझ्या नोकरीतली ही अगदी साधी गोष्ट. लोणावळ्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेत मी कॉम्प्युटर सांभाळते. आमच्याकडची सगळी मशीनं विंडोजऐवजी लिनक्सवर चालतात. अधूनमधून अपडेट येतात आणि ते बसवले की मशीन एकदा बंद करून चालू करावं लागतं. आमच्या इमारती टेकडीवर विखुरलेल्या. भर पावसात छत्री सांभाळत प्रत्येक खोलीत जाण्यापेक्षा मी माझ्या टेबलावरूनच एकेका मशीनमध्ये शिरते आणि काम उरकते.

सुरुवातीला मी सगळ्यांना एक सूचना पाठवायचे आणि दहा मिनिटांनी मशीनं रीस्टार्ट करायचे. एकदा हिशेब विभागातल्या बाई तणतणत माझ्या खोलीत आल्या. अर्धं टाईप केलेलं पत्रक गेलं होतं.

"अगं, सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं की."

"कुणाला?"

मी त्यांच्याबरोबर जाऊन बघितलं, तेव्हा कळलं. माझी सूचना जायची ती टर्मिनलच्या, म्हणजे मशीनला हुकूम टाईप करायच्या काळ्या खिडकीत. ती खिडकी माझ्याशिवाय संस्थेत कुणीच उघडत नव्हतं. बाकीच्यांच्या पडद्यावर त्यांची कागदपत्रं, त्यांचा ब्राउझर. माझी सूचना त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. मग मी बसून शिकले, मशीनवर कोण कोण आत आहे ते शोधायचं आणि ज्याच्या त्याच्या पडद्यावर, तो करतोय त्या कामाच्या वर, चौकट उमटवायची.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. "म्हणजे तू वर्गाच्या बाहेर उभी राहून गृहपाठ सांगत होतीस," ती म्हणाली.

ताई आंदर मावळातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आम्ही दोघी लोणावळ्यात वाढलो. ती लग्न होऊन त्याच भागातल्या टाकव्याला गेली. दाजींची थोडी भातशेती, शिवाय एका कंपनीत पाळ्यांची नोकरी. घरात ती दोघं आणि दाजींची आई. मूलबाळ नव्हतं. दाजींच्या आईला ताई 'आत्या' म्हणायची, मी 'मावशी' म्हणते.

आधी ताईच्या हातातला खडू निसटायला लागला. मग तिचे शब्द जड झाले, जिभेवर काहीतरी ठेवून बोलल्यासारखे. पुण्याच्या डॉक्टरांनी दाजींना आणि मला वेगळं बसवून सांगितलं. एकेक स्नायू ऐकेनासा होईल. आधी हात आणि बोलणं, मग पाय, मग गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र स्वच्छ राहील. त्यांनी हे दिलासा दिल्यासारखं सांगितलं. दाजींनी हात जोडले आणि आम्ही बाहेर आलो. ताई बाकावर बसली होती. आमच्या तोंडाकडे बघून तिनं काही विचारलं नाही. तिला वाचायला येत होतं, इंटरनेटवर तिनं सगळं आधीच वाचलेलं होतं.

वर्षभरात तिचं बोलणं फक्त दाजींना आणि मावशींना कळायचं, आणि पुढं त्यांनाही कळेना. तेव्हा मी तिच्यासाठी एक मशीन तयार केलं. तिचं उजव्या हाताचं एक बोट अजून हलत होतं. त्या बोटाखाली जुन्या माऊसचं बटण बसवलं. पडद्यावर अक्षरं एकापाठोपाठ एक उजळत जायची. हवं ते अक्षर उजळलं की ती बटण दाबायची. वाक्य पूर्ण झालं की मशीन ते मोठ्यानं बोलायचं.

पहिलं वाक्य तिनं मावशींसाठी लिहिलं. मशीन बोललं, "आत्या, जेवलात का?"

मावशी दचकून मागं सरल्या. "आगं बया! ह्यो कोन बाप्या बोलतोय तिच्या तोंडानं?"

आवाज पुरुषाचा होता. मी खटपट करून तो बदलला. मावशी कान देऊन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता बाई झाली. पन पडसं झालंय तिला." ताईचे खांदे हलले. हसायला आता तेवढेच उरले होते.

मशीन दिवसरात्र चालू ठेवावं लागायचं. रात्री कूस बदलायची असेल तर ती मशीनच्या आवाजानंच दाजींना उठवायची. आठवडाभर चालून ते मंद व्हायचं, बोलताना अडखळायचं, आणि रीस्टार्ट करणं भाग पडायचं. गावात फायबरचं इंटरनेट आल्यामुळे ते मला लोणावळ्यातून करता येत होतं. फक्त तेवढा वेळ ताई मुकी व्हायची. म्हणून मी दुपारची वेळ ठरवली. जेवणं झालेली असतात, मावशी तिच्याजवळ बसलेल्या असतात.

पहिल्यांदा मी तिला ऑफिसातलीच चौकट पाठवली. "सदर संगणक दहा मिनिटांत पुन्हा सुरू करण्यात येईल. कृपया आपले काम जतन करावे." खाली 'ठीक आहे' असं बटण.

माझ्या पडद्यावरच्या खिडकीत तिचं उत्तर उमटायला लागलं, एकेक अक्षर. मी वाट बघत बसले.

"हे काय परिपत्रक आहे? मला अगं म्हण."

आणि थोड्या वेळानं, "दहा मिनिटात माझी चार वाक्यं होतात. संपली नाहीत तर?"

मी चौकट नव्यानं लिहिली. "ताई, अगं, दहा मिनिटांनी बंद करतेय. काही बोलायचंय का?" खाली दोन बटणं: 'कर बंद' आणि 'थांब'. 'थांब' दाबलं की आणखी दहा मिनिटं. आणि चौकट आली की मशीन ते वाक्य वाचूनही दाखवायचं, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच कळायचं. मावशी हातातलं काम टाकून तिच्या जवळ येऊन बसायच्या. "बोल गं बाय, आता त्याची निजायची येळ झाली."

ताईनं कधीही पहिल्याच फेरीला 'कर बंद' दाबलं नाही. मुकं होण्याआधी तिला काहीतरी बोलून घ्यायचंच असायचं. "आत्या, गॅस बारीक करा." "ह्यांना म्हणावं, निळा शर्ट उसवलाय, तो घालू नका." एकदा माझ्यासाठी, "तू फार बारीक झालीस. डबा नेतेस का?" मी ऑफिसात बसून ते वाचायचे, हो म्हणून लिहायचे, आणि मग पडद्यावर 'कर बंद' यायचं. मी हुकूम द्यायचे. काही मिनिटांनी तिचं मशीन पुन्हा उठायचं आणि बहुतेक वेळा तिचं पहिलं वाक्य असायचं, "आले."

एका दुपारी तिनं तीनदा 'थांब' दाबलं. दाजी कामावर होते, मावशी गोठ्यात. माझ्या खिडकीत अक्षरं येत होती आणि मधेच थांबत होती. तिचं बोट आता दमायचं.

"मला गळ्यात नळी नको."

मी लिहिलं, "ताई, आत्ता नको हे."

"आत्ताच. हे घरी नाहीत. त्यांच्यासमोर लिहिलं तर ते रडतात, मग मला पुढचं सुचत नाही."

पुढचं वाक्य यायला फार वेळ लागला.

"दवाखान्यात नेऊ नका. घरीच. तू त्यांना सांग. मला पुन्हा लिहायला लावू नकोस."

मी "सांगते" असं लिहिलं. तिनं 'कर बंद' दाबलं. माझे हात कीबोर्डवर होते आणि मला ती कळ दाबवेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" मी मान हलवली आणि हुकूम दिला. मशीन परत आलं तेव्हा ताईनं लिहिलं, "आले. आज भाजी काय केलीस?"

रविवारी मी टाकव्याला गेले आणि दाजींना शेताच्या बांधावर गाठून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मला म्हायती हाय," ते म्हणाले, "माज्या म्होरं ती न्हाई बोलायची." मग वाकून त्यांनी बांधावरचं गवत उपटायला सुरुवात केली. उपटतच राहिले.

दिवाळी झाली. भाताची झोडणी उरकली होती. एका दुपारी, नेहमीच्या वेळेला, मी चौकट पाठवली. "ताई, अगं, दहा मिनिटांनी बंद करतेय. काही बोलायचंय का?"

उत्तर आलं नाही. मला वाटलं, डोळा लागला असेल. पण अक्षरं उजळत होती, मशीन चालू होतं. कुठलंच बटण दाबलं गेलं नाही आणि दहा मिनिटं संपली. कुणी काही म्हटलं नाही तर मशीन आपोआप रीस्टार्ट होईल, अशी सोय होती. ऑफिसात ती लागते, लोक पडदा उघडा टाकून चहाला जातात. ताईचं मशीन बंद झालं, चालू झालं. "आले" आलं नाही.

मी फोन लावला. मावशींनी उचलला.

"मावशी, ताई झोपलीय का?"

"न्हाई गं. जागी हाये की. तिकडंच बघतीया. काय झालंय कुनास ठाऊक, डोळ्यांतनं पानी चाललंय नुसतं. म्या इचारलं, कुटं दुखतंय का. बोलंचना." आणि मग एकदम, "आगं थांब, थांब, बाहेर पाऊस आला वाटतं!" फोन तसाच टाकून त्या धावल्या. पत्र्यावरचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता.

मी साहेबांना सांगून निघाले. लोणावळ्याहून पुण्याकडची लोकल, कान्ह्याला उतरून शेअर रिक्षा. रिक्षात पुढं दोघं, मागं आम्ही चौघं. रस्ता ओला होता, वर ऊनही पडलं होतं. घरी पोचले तर अंगणात शेजारच्या बायका आणि मावशी मिळून ताडपत्री ओढत होत्या. वाळत घातलेलं भात भिजलं होतं. मावशी घोटाभर चिखलात उभ्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जा, आत जा तू."

ताई खिडकीशी, तिच्या कलत्या खुर्चीत होती. बोट बटणावर ठेवलेलं होतं. मी समोर बसले. "ताई, दाब बघू." तिनं बोटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बोट तसंच राहिलं.

मी तिचा हात हातात घेतला, बोटं चोळली, बटण दुसऱ्या बोटाखाली ठेवलं, डाव्या हाताखाली, हनुवटीखाली. काहीच होईना. ती प्रत्येक वेळी प्रयत्न करत होती, ते तिच्या कपाळावर दिसत होतं. मग तिनं डोळे मिटून घेतले. मी बटण बाजूला केलं.

संध्याकाळी दाजी पाळी संपवून आले. त्यांना सांगावं लागलं नाही. ते दारातच थांबले, टेबलावर काढून ठेवलेलं बटण पाहिलं आणि पायांतल्या बुटांसकट आत येऊन तिच्यापाशी जमिनीवर बसले.

चहा झाल्यावर मी ताईला म्हटलं, "आपण आता असं करू. मी अक्षरं म्हणते. हवं ते आलं की वर बघ. नको असेल तर डोळे मिट." तिनं वर पाहिलं. मी म्हटलं, "दुपारी तुला काहीतरी बोलायचं होतं. हो ना?" तिनं पुन्हा वर पाहिलं.

मी घाबरले होते, खरं सांगायचं तर. मला वाटलं होतं, आता काहीतरी मोठं येणार. शेवटचं, जपून ठेवलेलं. मी क, ख, ग म्हणत गेले. 'भ'वर तिनं वर पाहिलं. काना आहे का विचारलं, आहे. पुन्हा क, ख, ग. 'त'.

"भात?" मी म्हटलं. "भूक लागलीय?"

डोळे मिटले. नाही. मग तिनं नजर वळवली, खिडकीकडे.

दाजींना आधी कळलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. अंगणाच्या पलीकडे डोंगर, आणि पाऊस येतो तो तिकडूनच. दुपारी आभाळ भरून आलेलं तिला दिसलं होतं. मावशी तिच्यासमोर, खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. आणि त्याच वेळी मशीननं तिला विचारलं होतं, काही बोलायचंय का.

मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या हळूहळू खाली बसल्या. "आगं माजे बाय," त्या म्हणाल्या, "त्या भातापायी रडलीस व्हय? भिजलं तर भिजलं. वाळंल की गं. ऊन काय कुटं पळून गेलंय?" आणि पदर तोंडात धरून त्याच रडायला लागल्या.

त्यानंतर मी तिचं मशीन लोणावळ्यातून कधी रीस्टार्ट केलं नाही. त्याची गरजही उरली नव्हती. डोळ्यांवर चालणारा कॅमेरा आणून बघितला. तिचे डोळे चुरचुरायचे, पाणी यायचं, थोड्या वेळात ती दमून जायची. दोनचार दिवसांनी तिनंच नको म्हणून सांगितलं. दाजी अक्षरं म्हणायला शिकले. पहाटे पाळीला जायच्या आधी ते तिच्या उशाशी बसून क, ख, ग म्हणायचे. मावशींना लिहितावाचता येत नाही, त्यांनी आपली वेगळी रीत काढली. त्या दिवसभराच्या सगळ्या गोष्टींची नावं घेत बसायच्या. "पानी? कूस? पंखा? गायीचं इचारतीस? म्या हितनं उठू नको?" ताईचे डोळे वर जायचे तिथं थांबायच्या. खूप वेळा शेवटचंच असायचं.

मशीन मात्र तिला चालू हवं होतं. मी बंद करू का विचारलं तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले. म्हणून पडद्यावर अक्षरं उजळत राहायची, कुणी न दाबता, दिवसभर. मी शनिवारी जायचे, तिच्या शेजारी बसायचे आणि दोघी मिळून त्या अक्षरांकडे बघायचो.

थंडी सरत आली तेव्हा ती गेली. घरीच, तिला हवं होतं तसं. दुपारची वेळ होती. दाजींनी त्या दिवशी रजा घेतली होती, का घेतली ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी पोचले तोपर्यंत शाळेतली मुलं अंगणात येऊन बसली होती, रांगेत, कुणी न सांगता. खोलीत कुणीतरी मशीनवर चादर टाकली होती. चादरीच्या आतून उजेड हलत होता.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले. घरात आम्ही तिघंच उरलो. मी मशीन बंद केलं, तारा गुंडाळल्या आणि सगळं एका खोक्यात भरलं. दाजी खाटेवर बसून बघत होते.

"एक इचारू का?" ते म्हणाले.

"विचारा ना."

"तिचा आवाज कसा हुता वो?"

मी खोकं बाजूला ठेवलं.

"म्हंजी पैल्याचा. आजाराच्या आदीचा. रातच्याला आटवायला बघतो, तर ही मशीनच बोलती कानात. पडसं झालेली. ती न्हवती तशी. लय बघतो, पर याद येत न्हाई."

मी आठवायचा प्रयत्न केला. आम्ही एका खोलीत वाढलो, एका अंथरुणात झोपलो, ती मला धडे वाचून दाखवायची. तिचे शब्द मला आठवत होते. ती कुठं थांबायची, कुठं हसायची, तेसुद्धा. पण आवाज लावायला गेले की माझ्याही कानात मशीनच बोलायचं. मोबाईलमध्ये शोधलं. फोटो पुष्कळ होते. एका लग्नाचं चित्रण सापडलं, त्यात ती बोलताना दिसत होती, पण वर बँड वाजत होता.

मावशी चुलीपाशी होत्या. आम्हाला वाटलं त्यांचं लक्ष नाही. त्या उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांच्या तोंडी कायम 'च्या' असतो, 'आवं' असतं. त्या एका हातानं चौकट धरून उभ्या राहिल्या, मान थोडी तिरकी केली, आणि स्वच्छ, शहरी, किंचित वैतागलेल्या सुरात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? चहा निवतोय!"

दाजींनी झटकन स्वयंपाकघराकडे पाहिलं. मीही.

दारात मावशीच होत्या. दाजी उठले, परसात गेले, आणि गाय आधीच बांधलेली होती ती सोडून पुन्हा बांधायला लागले. मावशी आत वळल्या आणि त्यांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं.